गर्दीत मदत कुठे अडते

संकटात सापडलेल्या माणसाभोवती जितकी जास्त माणसे, तितकी त्याला मदत मिळण्याची खात्री अधिक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गेल्या साठ वर्षांतल्या संशोधनाने या समजुतीला मोठी मुरड घातली आहे. एकटा असता तर जो माणूस धावून गेला असता, तोच आजूबाजूला इतर लोक असले की थबकतो, अंदाज घेतो आणि पुष्कळदा काही न करता पुढे निघून जातो. सामाजिक मानसशास्त्रात या प्रवृत्तीला ‘बघ्यांचा परिणाम’ म्हणतात.

हा परिणाम सगळीकडे सारखा दिसत नाही. सातारा आणि सांगली या लागून असलेल्या दोन जिल्ह्यांत त्याची दोन टोके पाहायला मिळतात. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरवळजवळ सातारा जिल्ह्यात शिरतो आणि कराड ओलांडून कासेगाव, पेठ नाका असा सांगली जिल्ह्यातून पुढे कोल्हापूरकडे जातो. या रस्त्यावर अपघात झाला की जखमीभोवती कडे पडते, पण त्याला उचलायला हात पुढे येतातच असे नाही. याच जिल्ह्यांत कृष्णेला पूर आला की ओळखदेख नसलेल्यांसाठीही लोक पाण्यात उतरतात. दोन्हीकडची माणसे एकाच मातीतली. तेव्हा उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याऐवजी प्रसंगाच्या रचनेत शोधावे लागते. मदतीची जबाबदारी कोणावर आहे हे ज्या प्रसंगात स्पष्ट असते तिथे गर्दी कामाला लागते, आणि ज्या प्रसंगात ती सगळ्यांची मिळून असते तिथे ती कोणाचीच उरत नाही.

एका खुनाची बातमी

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्कमधल्या एका घटनेतून सुरू झाला. १३ मार्च १९६४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी कामावरून घरी परतत असताना तिच्यावर चाकूने हल्ला झाला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी छापली: ३८ प्रतिष्ठित नागरिक आपापल्या खिडक्यांतून हा खून पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. महानगरातला माणूस दगड झाला आहे, अशी चर्चा जगभर झाली.

पुढच्या संशोधनात ही बातमी बरीचशी चुकीची ठरली. २००७ मध्ये रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हीन आणि अॅलन कॉलिन्स या अभ्यासकांनी न्यायालयीन कागदपत्रे तपासून दाखवून दिले की ३८ जणांनी खून पाहिल्याचा पुरावा नाही. हल्ला दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाला होता. दुसरा आणि जीवघेणा हल्ला इमारतीच्या आत जिन्यापाशी झाला आणि खिडकीतून तो दिसण्यासारखा नव्हता. एक शेजारीण जिवाची पर्वा न करता खाली धावली आणि तिने त्या तरुणीला शेवटच्या क्षणी जवळ घेतले. अमेरिकेत ९११ हा तातडीचा क्रमांकही १९६८ पर्यंत नव्हता. २०१६ मध्ये त्या वृत्तपत्रानेही आपल्या जुन्या बातमीतल्या त्रुटी मान्य केल्या.

बातमी चुकीची असली तरी तिने उभा केलेला प्रश्न खरा होता. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांनी तो वेगळ्या रीतीने मांडला. इतकी माणसे असूनही मदत का मिळाली नाही, असे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले: इतकी माणसे होती म्हणूनच तर मदत अडली नसेल?

प्रयोगांतून काय दिसले

१९६८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून कॉलेजजीवनातल्या अडचणींवर बोलायला सांगितले. बोलता बोलता एका सहभागी विद्यार्थ्याला फिट आल्याचे ऐकू येई. प्रत्यक्षात तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी फिट संपण्याच्या आत मदत मागायला बाहेर आले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के झाले आणि आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत अवघे ३१ टक्के. प्रतिसादाचा वेळही सरासरी ५२ सेकंदांवरून १६६ सेकंदांवर गेला.

जे बाहेर आले नाहीत ते निर्विकार बसले होते असेही नाही. संशोधक खोलीत गेल्यावर त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता आणि ‘तो बरा आहे ना? त्याच्याजवळ कोणी गेले का?’ असे ते विचारत होते. जावे की न जावे या घालमेलीत ते अडकले होते. मदत न करणारा म्हणजे निर्दय माणूस, हे समीकरण या निरीक्षणाने मोडून काढले.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थी प्रश्नावली भरत असताना भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला जाई. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून कळवले. तीन अनोळखी विद्यार्थी एकत्र बसले असता केवळ ३८ टक्के गटांतून कोणीतरी उठले. शेजारी बसलेले दोघे संशोधकांचेच साथीदार असले आणि ते धुराकडे एकदा पाहून पुन्हा लिहू लागले, तर कळवणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आले. डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला सारत विद्यार्थी लिहीत राहिले.

या दोन प्रयोगांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात माणसे एकमेकांना दिसत नव्हती. तिथे जबाबदारीची फक्त वाटणी झाली. पाच जणांपैकी प्रत्येकाची पुढे येण्याची शक्यता ३१ टक्के धरली आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे निर्णय घेतला असे मानले, तर पाचांपैकी निदान एक तरी पुढे येण्याची शक्यता ८४ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे जवळजवळ एकट्या माणसाइतकीच. दुसऱ्या प्रयोगात मात्र माणसे एकमेकांना दिसत होती. एकट्याची शक्यता ७५ टक्के, तर तिघांपैकी निदान एकजण उठण्याची शक्यता हिशेबाने ९८ टक्के यायला हवी. प्रत्यक्षात ती ३८ टक्केच आली. वाटणीच्या जोडीला इथे आणखी काहीतरी घडत होते: प्रत्येकजण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून ‘काही विशेष नसावे’ असा अर्थ काढत होता आणि त्याचा स्वतःचा शांत चेहरा इतरांची तीच समजूत पक्की करत होता.

मदतीच्या पाच पायऱ्या

१९७० मध्ये लाताने आणि डार्ली यांनी आपल्या पुस्तकात मदतीच्या पाच पायऱ्या मांडल्या. एकही पायरी चुकली की मदत होत नाही, आणि प्रत्येक पायरीवर गर्दी वेगळ्या प्रकारे आडवी येते. महामार्गावरच्या अपघाताचे उदाहरण घेतले तर हे नीट समजते.

पहिली पायरी लक्ष जाण्याची. उंब्रजजवळ रात्री एखादा दुचाकीस्वार रस्त्याकडेला पडला आहे असे समजू. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून तो दोन क्षणांपुरता दिसतो, कदाचित दिसतही नाही. घाईत असलेल्या माणसाचे लक्ष आणखी आक्रसते. डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत जाताना वाटेत एक माणूस कण्हत बसलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याची विचारपूस केली, उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. काहीजणांच्या भाषणाचा विषय वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता, पण त्याने फारसा फरक पडला नाही.

दुसरी पायरी प्रसंग ओळखण्याची. पडलेला माणूस जखमी आहे, दारू प्यालेला आहे की झोपला आहे? अर्थ संदिग्ध असला की माणूस इतरांकडे पाहतो. पुढची गाडी न थांबता गेली, हाच त्याला पुरावा वाटतो. दारूचा संशय आला की मदतीचे प्रमाण घटते हे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या १९६९ च्या प्रयोगात दिसले. हातात काठी असलेला माणूस डब्यात कोसळला तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी कोणीतरी आपणहून उठले. दारूचा वास येणाऱ्या, हातात बाटली असलेल्या माणसासाठी मात्र निम्म्याच वेळा.

तिसरी पायरी जबाबदारी घेण्याची. बघ्यांच्या परिणामाचे मर्म इथे आहे. ‘एवढी माणसे जमली आहेत, कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन केला असेलच’ असे प्रत्येकाला वाटते आणि खरोखर कोणीच फोन केलेला नसतो. एकट्या माणसाच्या वाट्याला सगळी जबाबदारी येते आणि मदत न केल्याचा सगळा ठपकाही. वीस जणांत दोन्हींचा विसावाच भाग उरतो.

चौथी पायरी काय करायचे हे ठरवण्याची. जखमीला उचलावे की हलवू नये, पाणी पाजावे का, जवळचे रुग्णालय कोणते, याची माहिती नसली की इच्छा असूनही हात थांबतो. आपल्यापेक्षा जाणकार माणूस गर्दीत असेल, डॉक्टर असेल, असे वाटल्याने संकोच वाढतो.

पाचवी पायरी प्रत्यक्ष कृतीची. इथे ‘लोक काय म्हणतील’ आडवे येते. आपण धावपळ केली आणि प्रसंग किरकोळ निघाला तर हसे होईल, चुकीचे काही केले तर बोल लागेल, ही भीती बघणारे डोळे जितके जास्त तितकी मोठी असते. याच पायरीवर भारतात आणखी एक अडथळा उभा राहिला होता, आणि तो मनात जितका होता तितकाच व्यवहारात.

पोलीस आणि कोर्टाची धास्ती

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली होती. सातारा जिल्ह्यात खंबाटकीच्या बोगद्यापुढचे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे तिथे विजापूर भागातल्या मजुरांचा टेम्पो उलटून १८ जणांचा बळी गेला. गंभीर जखमी झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला डॉक्टर ‘गोल्डन अवर’ म्हणतात. त्या तासात रुग्णालय गाठले तर निदान निम्मे मृत्यू टळू शकतात, असे डॉक्टरांचे मत विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात नोंदवले. या तासात जखमीजवळ बहुधा वाटसरूच असतो. म्हणून त्याने पुढे येणे हा सौजन्यापलीकडचा, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

वाटसरू मागे का राहतो, याची पाहणी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ मध्ये केली. ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांपैकी ८८ टक्क्यांनी पोलिसांची चौकशी, कोर्टाच्या तारखा आणि तत्सम कायदेशीर कटकटींचे कारण दिले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाच ‘तुम्हीच धडक दिली का?’ असे विचारले जाण्याची आणि आधी पैसे भरा म्हणून अडवले जाण्याची भीती त्यामागे होती. प्रयोगशाळेतला विद्यार्थी हसे होण्याला भीत होता. महामार्गावरचा माणूस साक्षीदार म्हणून वर्षानुवर्षे हेलपाटे घालण्याला भीत होता.

कायद्याने हा अडथळा टप्प्याटप्प्याने दूर केला आहे. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये दिला. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले.

या तरतुदींचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला थांबवून ठेवता येत नाही. नाव आणि फोन नंबर सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तो स्वतः ठरवतो. रुग्णालय त्याच्याकडे उपचाराचे पैसे मागू शकत नाही. सद्भावनेने केलेल्या मदतीत काही चूक होऊन जखमीची प्रकृती बिघडली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२१ मध्ये केंद्राने अशा माणसांसाठी ५,००० रुपयांचे बक्षीस सुरू केले आणि २०२५ मध्ये ते २५,००० रुपयांवर नेले.

कायदा झाला म्हणजे भीती गेली, असे मात्र होत नाही. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्याच २०१८ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना या संरक्षणाची माहितीच नव्हती. गर्दीत ज्याला ही माहिती आहे असा एकजण असला, आणि त्याने ती मोठ्याने सांगितली, तर इतरांचाही पाय मोकळा होतो.

भिंतीपलीकडचे भांडण

काही प्रसंगांत अपघातासारखी संदिग्धता नसते. काय चालले आहे हे सगळ्यांना कळते, तरी कोणी मध्ये पडत नाही. घरातली मारहाण हे त्याचे ठळक उदाहरण. लान्स शॉटलंड आणि मार्गारेट स्ट्रॉ यांनी १९७६ मध्ये एक बनावट भांडण घडवून आणले. पुरुष बाईवर हात टाकतो आणि ती ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असे ओरडते, तेव्हा ६५ टक्के बघ्यांनी हस्तक्षेप केला. तीच बाई ‘मी तुमच्याशी लग्न का केले’ असे ओरडली, तेव्हा हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले.

‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ ही शिकवण मराठी वाड्या-वस्त्यांतही रुळलेली आहे. चाळीत, गल्लीत, वस्तीवर आवाज दहा घरांना ऐकू जातो आणि दहाही घरे तो ‘त्यांचा घरचा मामला’ म्हणून सोडून देतात. जबाबदारीची वाटणी इथेही होते, पण तिच्या आधी हा प्रश्न आपला नव्हेच असा निवाडा झालेला असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम नेमके यावर आहे. हिंसा होत असल्याचे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. शेजाऱ्याने दार ठोठावून ‘थोडी साखर आहे का?’ असे विचारले तरी पुष्कळदा मारणारा हात थांबतो. थेट भिडणे हा मदतीचा एकमेव मार्ग नाही.

गर्दी धावून येते तेव्हा

बघ्यांचा परिणाम हा निसर्गनियम असता तर पुरात कोणीच वाचले नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. इथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि २००५ च्या महापुरातही पाणी ५४ फुटांच्या आतच राहिले होते. निम्मे शहर आणि पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. लष्कर आणि आपत्ती प्रतिसाद दल पोचण्याआधी आणि पोचल्यानंतरही गावातल्या पोहणाऱ्या पोरांनी, नावाड्यांनी आणि तालीम-मंडळांच्या कार्यकर्त्यांनी माणसे व जनावरे बाहेर काढली. पाणी न चढलेल्या गावांनी भाकऱ्या थापून टेम्पोने पाठवल्या.

याचे स्पष्टीकरण वरच्या पाच पायऱ्यांतच आहे. पुराकडे लक्ष न जाणे अशक्य, आणि त्याच्या अर्थाबद्दल कोणाला शंका नसते. प्रत्येकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घाबरणे दिसते, म्हणून एकमेकांकडे पाहून चुकीचा अर्थ काढण्याचा प्रश्नच येत नाही. पोहता येणारे कोण, नाव कोणाकडे, ट्रॅक्टर कोणाचा, हे गावाला आधीपासून ठाऊक असते. पेटर फिशर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पन्नास वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघाले: प्रसंग जितका उघडपणे धोक्याचा, तितका बघ्यांचा परिणाम क्षीण. खऱ्या रस्त्यांवरचा पुरावाही याला पूरक आहे. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधली २१९ भांडणे सीसीटीव्हीवर पाहिली. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एकाने तरी मध्यस्थी केली होती, आणि माणसे जास्त असली तर मध्यस्थीची शक्यता वाढत होती. प्रत्येक माणसाची पुढे येण्याची शक्यता गर्दीत कमी होते, पण उघड धोक्याच्या प्रसंगी गर्दीतून कोणी ना कोणी पुढे येतेच.

धावून येणे म्हणजे सगळे सुरळीत होणे नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अशा वेळी मदतीची इच्छा असते, साधनही असते. कमी असते ती किती जणांनी चढायचे, कोणी थांबायचे, हे सांगणाऱ्या आणि सगळे ज्याचे ऐकतील अशा एका आवाजाची.

तो आवाज आणि ती शिस्त असली की काय होते, हे महाबळेश्वरच्या गिर्यारोहकांच्या कामात दिसते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली आणि तीस जण मरण पावले. घाट रायगड जिल्ह्याच्या हद्दीत, पण दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वरचे ट्रेकर्स होते. दोर कोणी बांधायचा, खाली कोणी उतरायचे, वर कोणी थांबायचे, हे अशा गटात आधीच ठरलेले असते. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर वेळ जात नाही.

आपला आणि परका

मदतीचा ओघ कोणाकडे वळतो, हे समोरचा माणूस ‘आपला’ वाटतो की ‘परका’ यावरही ठरते. मार्क लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड संघाच्या चाहत्यांसमोर एका धावणाऱ्याला पाय घसरून पडायला लावले. त्याच्या अंगात त्यांच्याच संघाचा शर्ट असला की बहुतेक जण थांबत. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला की फार थोडे. मग काही चाहत्यांना आधी आपण सगळे फुटबॉलप्रेमी आहोत याची जाणीव करून दिली, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही तितकीच मदत मिळाली. ‘आपले’ कोण याचे कुंपण हलवता येते, हा या प्रयोगाचा धडा.

कुंपणाबाहेरच्या माणसाचे काय होऊ शकते, हे १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंगा येथे दिसले. विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला, एवढे संशयाला पुरले. अशा प्रसंगात बघ्यांच्या दोन्ही प्रवृत्ती उलट दिशेने काम करतात. एकाने संशय घेतला की बाकीचे त्याच्याकडे पाहून संशय खरा मानतात, आणि मारणाऱ्या हातांत जबाबदारी वाटली गेल्याने प्रत्येकाला आपला वाटा क्षुल्लक वाटतो. ‘आधी आधार कार्ड तरी बघा’ असे म्हणणारा पहिला आवाज निघेपर्यंत गप्प राहणाऱ्यांचे मौन संमतीसारखे दिसत राहते. त्याच्या चार वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून भटक्या समाजातल्या पाच जणांचा जीव गेला होता.

जबाबदारीला नाव देणे

वरच्या साऱ्या पुराव्याचा व्यावहारिक निष्कर्ष एकच निघतो: जबाबदारीला नाव मिळाले की मदत सुरू होते. मोठ्या गर्दीतही हे साधता येते, याचे उत्तम उदाहरण दरवर्षी सातारा जिल्ह्यातून जाते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांनी पुढे सरकते. लाखोंच्या या गर्दीत सुटा माणूस कमी असतो. बहुतेक वारकरी एखाद्या दिंडीचे असतात. दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढची की मागची हे ठरलेले असते, विणेकरी असतो, दिंडीप्रमुख असतो, जेवणाची पंगत असते. म्हातारी चालता चालता बसली तर तिच्याकडे पाहायचे कोणी, हा प्रश्न लाखांना पडत नाही. तो तिच्या दिंडीतल्या शे-दोनशे माणसांचा असतो, आणि ती संध्याकाळी पंगतीला दिसली नाही तर त्यांच्या लगेच लक्षात येते.

अनेक जिल्ह्यांत वापरली जाणारी ग्राम सुरक्षा यंत्रणाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संकटातल्या माणसाने ठरलेल्या क्रमांकावर फोन केला की त्याचाच आवाज गावातल्या नोंद असलेल्या सगळ्या फोनवर एकदम ऐकू जातो. हजार जणांना एकाच वेळी हाक मारली की जबाबदारी हजारांत वाटली जाण्याचा धोका असतोच. पण संदेशात ‘अमुक वस्तीवर, अमुक यांच्या घरी आग लागली आहे’ असे नेमके नाव आणि ठिकाण येते, आणि ऐकणारा ते घर ओळखतो. त्यामुळे हाक मोघम राहत नाही.

एकट्या माणसालाही हे तत्त्व वापरता येते. जखमी शुद्धीवर असेल तर त्याने, नाहीतर पहिल्या पोचलेल्याने, ‘कोणीतरी मदत करा’ असे ओरडण्याऐवजी एका माणसाकडे बोट दाखवून बोलावे: ‘अहो निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा.’ ‘ताई, तुम्ही मागून येणाऱ्या गाड्या थांबवा.’ वीस बघ्यांतला एक निवडला गेला की तो बघ्या राहत नाही. त्याला नाही म्हणणे कठीण जाते, आणि त्याला हलताना पाहून इतरांच्या मनातली संदिग्धताही जाते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. महामार्गावर ठिकाण सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा टोलनाका किंवा उड्डाणपूल सांगितल्यास रुग्णवाहिका लवकर पोचते. फोन लावलेल्या माणसाने ‘फोन केला आहे, गाडी निघाली आहे’ असे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगणेही आवश्यक, कारण नाहीतर कोणी केला असेलच या भरवशावर सगळेच थांबतात.

ज्याला स्वतः पाण्यात उतरणे किंवा भांडणात पडणे शक्य नाही, त्यानेही पाच पायऱ्यांपैकी एखादी इतरांसाठी सोपी करावी. प्रसंग गंभीर आहे असे मोठ्याने म्हणणे, जखमीभोवतीचे कडे मागे सारणे, रक्तस्राव होत असलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून धरणे, मानेला किंवा पाठीला मार असल्याचा संशय असेल तर विनाकारण हलवू न देणे, ही कामे कोणालाही जमतात.

या विषयाची माहिती असणे हाही त्यावरचा एक उपाय आहे. आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काही विद्यार्थ्यांना बघ्यांच्या परिणामाबद्दल शिकवले. दोन आठवड्यांनी, वर्गाशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच ठिकाणी, त्यांना वाटेत एक माणूस पडलेला दिसेल अशी व्यवस्था केली, आणि शेजारून चालणारा निर्विकार राहील हेही पाहिले. विषय शिकलेल्यांपैकी ४३ टक्के जण थांबले, न शिकलेल्यांपैकी २५ टक्के. निम्म्याहून अधिक जण शिकूनही पुढे गेले, म्हणजे माहिती एकटी पुरेशी नाही. म्हणून शाळेतल्या प्रथमोपचाराच्या तासात जखमेवर पट्टी बांधण्याबरोबर गर्दीत कोणाला, काय आणि कशा शब्दांत सांगायचे याचाही सराव व्हायला हवा.